अमेरिकेत वेबसाइटच्या सुगम्यतेवरून दावा आला तर काय करावे

अमेरिकेतील ग्राहकांना वेबसाइटवरून माल किंवा सेवा विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला एखाद्या दिवशी वकिलाचे पत्र येते. आमचे अशील अंध असून ते स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने संगणक वापरतात, अमुक तारखेला त्यांनी तुमच्या वेबसाइटवर खरेदी करण्याचा प्रयत्न केला पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही, आणि हा अपंगत्वावरून केलेला भेदभाव आहे, असे त्यात लिहिलेले असते. अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता येणे म्हणजे तिची सुगम्यता, आणि दावा तिच्यावरूनच असतो. पत्र वाचणारा बहुधा दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो त्याला खंडणीचा प्रकार समजून पत्र केराच्या टोपलीत टाकतो, नाहीतर घाबरून मागितलेली रक्कम देतो आणि वेबसाइट होती तशीच ठेवतो. पहिल्या चुकीमुळे न्यायालयात एकतर्फी निकाल लागू शकतो, आणि दुसऱ्या चुकीमुळे काही महिन्यांनी दुसऱ्याच वादीचे तसेच पत्र येऊ शकते. असे पत्र पहिल्यांदाच हातात पडलेल्या व्यावसायिकांसाठी, आणि अमेरिकन ग्राहकांच्या वेबसाइट बनवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी हा लेख आहे. दाव्याचे कागद वकिलाने हाताळायचे असतात, परंतु दाव्याचे मूळ वेबसाइटच्या कोडमध्ये असते आणि ते तुम्हालाच शोधावे लागते.

आधी वादीला काय ऐकू आले ते ऐका

कायद्याकडे वळण्यापूर्वी अर्धा तास एका कामासाठी काढावा. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्यावा. तो विनामूल्य मिळतो. मॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासून असतो, आणि अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक वापरता येतो. मग पडदा बंद करावा, माउस बाजूला ठेवावा आणि फक्त कळफलकाच्या आधाराने आपल्याच दुकानातील एखादी वस्तू विकत घेऊन पाहावी.

मी तपासलेल्या कपड्यांच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर, शर्टाच्या पानावर टॅबची कळ दाबत गेल्यावर असे ऐकू आले होते: "ग्राफिक, लिंक, आयएमजी अंडरस्कोर चार चार सात एक." पुन्हा टॅब. "ग्राफिक, लिंक, आयएमजी अंडरस्कोर चार चार सात दोन." त्यानंतर "बटन", "बटन", "बटन". पहिले दोन उच्चार म्हणजे शर्टाची पुढची आणि मागची छायाचित्रे. चित्रात काय आहे हे सांगणारा पर्यायी मजकूर त्यांना जोडलेला नसल्यामुळे स्क्रीन रीडरने फाइलचे नाव वाचून दाखवले. नंतरची तीन बटणे म्हणजे बदामाचे, भिंगाचे आणि पिशवीचे चिन्ह. डोळ्यांना त्यांचा अर्थ क्षणात कळत होता, पण कोडमध्ये त्यांना नावच दिलेले नव्हते. आकार निवडण्याचे चौकोन तर ऐकूच आले नाहीत, कारण ती खरी बटणे नव्हती. साध्या 'डिव्ह'वर, म्हणजे कोडमधील नुसत्या चौकटीवर, माउसचा क्लिक बसवलेला होता, त्यामुळे टॅब त्यांना ओलांडून पुढे गेला. आकार निवडल्याशिवाय वस्तू पिशवीत पडत नव्हती. ती का पडत नाही हे लाल अक्षरांत लिहून येत होते, परंतु उच्चारले जात नव्हते. दिसायला ते पान अतिशय देखणे होते.

वादपत्रात जेव्हा "व्यवहार स्वतंत्रपणे पूर्ण करता आला नाही" असे वाक्य येते, तेव्हा त्यामागे बहुतेकदा असाच एखादा प्रसंग असतो. तो स्वतः अनुभवला की पुढच्या पायऱ्या रागाच्या भरात घेतल्या जात नाहीत.

पायरी १: कागद ओळखा आणि तारीख लिहून ठेवा

वकिलाची नोटीस आणि न्यायालयाचे समन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटिशीतील मुदत वकिलाने स्वतः ठरवलेली असते आणि तिच्यामागे न्यायालयाचा आदेश नसतो, तरीही तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढचे पाऊल दाव्याचेच असू शकते. समन्ससोबत वादपत्र आलेले असेल आणि दावा संघीय न्यायालयात असेल, तर बजावणीपासून २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. वादीने रीतसर बजावणीशिवाय समन्स स्वीकारण्याची विनंती पाठवली आणि तुम्ही ती मान्य केली, तर विनंती पाठवल्याच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. प्रतिवादी अमेरिकेबाहेर असल्यास हीच मुदत ९० दिवसांची होते. राज्यांच्या न्यायालयांतील मुदती वेगळ्या असतात, त्यामुळे वादपत्राच्या पहिल्या पानावर न्यायालयाचे नाव काय आहे ते आधी पाहावे.

कंपनीला संघीय न्यायालयात वकिलाशिवाय उभे राहता येत नाही, हे अनेक नवख्यांना ठाऊक नसते. मालकाने स्वतः लिहून पाठवलेल्या उत्तराने कंपनीचा बचाव होत नाही. त्यामुळे अपंगत्व हक्कांच्या दाव्यांचा अनुभव असलेला, आणि दावा ज्या राज्यात आहे तिथे वकिली करण्याची परवानगी असलेला वकील गाठणे हे पहिल्या आठवड्याचे काम आहे. व्यवसायाचा विमा असेल तर विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावे, कारण उशिरा कळवल्याच्या मुद्द्यावर विमा कंपनी हात वर करू शकते.

वादीच्या वकिलाला तिरमिरीत ईमेल मात्र लिहू नये. "आम्हाला हे दोष ठाऊक होते, पुढच्या वर्षी दुरुस्त करणारच होतो" असे एक वाक्य पुढे पुरावा म्हणून समोर येऊ शकते.

पायरी २: कायदा नेमके काय म्हणतो ते समजून घ्या

बहुतेक दावे 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट' या कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणाखाली दाखल होतात. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी २६ जुलै १९९० रोजी या कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा वेब लोकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. साहजिकच कायद्यात वेबसाइटचा उल्लेख नाही. त्यात दुकाने, हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे, बँका, दवाखाने अशा १२ वर्गांतील सार्वजनिक सेवेच्या ठिकाणांची यादी आहे, आणि अशा ठिकाणी अपंग व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही असे बंधन आहे. गेली वीसहून अधिक वर्षे न्यायालयांत चाललेला वाद प्रामुख्याने 'ठिकाण' या एका शब्दाभोवती फिरतो.

या वादातील तीन प्रकरणे माहीत असली की वकिलाचे बोलणे समजणे सोपे जाते. पहिले प्रकरण टार्गेट या साखळी दुकानाचे आहे. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने २००६ मध्ये कॅलिफोर्नियात टार्गेटवर दावा दाखल केला. वेबसाइटवरील अडथळ्यांमुळे प्रत्यक्ष दुकानातील सेवा घेण्यात अडचण येत असेल, तर तेवढ्यापुरता कायदा लागू होऊ शकतो, या भूमिकेवर न्यायालयाने दावा पुढे चालू दिला. २००८ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने भरपाईसाठी ६० लाख डॉलरचा निधी ठेवण्याचे मान्य केले.

दुसरे प्रकरण फ्लोरिडातील विन-डिक्सी या किराणा साखळीचे आहे, आणि ते वाचताना कायदा अजून किती हलता आहे हे कळते. हुआन कार्लोस गिल या अंध ग्राहकाला वेबसाइटवरून औषधांची पुनर्मागणी करता येत नव्हती आणि सवलतीची कूपने दुकानाच्या कार्डाला जोडता येत नव्हती. २०१७ मध्ये प्रत्यक्ष सुनावणी होऊन त्याच्या बाजूने निकाल लागला. वेबसाइट दुरुस्त करायला अडीच लाख डॉलर लागतील असा कंपनीचा अंदाज होता. वेबसाइट उभारण्यावर आणि नव्याने घडवण्यावर कंपनीने आधीच जो खर्च केला होता त्याच्यापुढे ही रक्कम न्यायाधीशांना किरकोळ वाटली. एप्रिल २०२१ मध्ये अकराव्या परिमंडळाच्या (परिमंडळ म्हणजे एका संघीय अपील न्यायालयाखालील राज्यांचा गट) अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि वेबसाइट हे सार्वजनिक सेवेचे ठिकाण नाही असे म्हटले. मग त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वाद आता निरर्थक झाला आहे, म्हणजे निकाल देऊन काही साध्य होणार नाही, म्हणून त्याच न्यायालयाने स्वतःचा निकालही रद्द केला. इतकी वर्षे दोन्ही बाजूंनी खर्च करून हाती बंधनकारक असा कोणताच निकाल उरला नाही.

तिसरे प्रकरण डॉमिनोज पिझ्झाचे आहे. गिलर्मो रोब्लेस या अंध ग्राहकाला वेबसाइट आणि अ‍ॅपवरून आपल्या पसंतीचा पिझ्झा मागवता आला नाही, म्हणून त्याने २०१६ मध्ये दावा केला. सरकारने वेबसाइटसाठी तांत्रिक नियमच केलेले नाहीत, मग आम्ही काय पाळायचे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. जानेवारी २०१९ मध्ये नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने तो अमान्य केला, कारण सेवा सर्वांना मिळाली पाहिजे हे बंधन कायद्यातच आहे आणि त्यासाठी तांत्रिक नियमांची वाट पाहण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. जून २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने रोब्लेसच्या बाजूने निर्णय दिला, आणि २०२२ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले.

दावा कोणत्या राज्यात आहे यावर बरेच काही अवलंबून असते ते यामुळेच. नवव्या परिमंडळात, म्हणजे कॅलिफोर्निया आणि आसपासच्या राज्यांत, वेबसाइटचा प्रत्यक्ष दुकानाशी संबंध आहे का हे पाहिले जाते. कॅलिफोर्नियाच्या राज्य अपील न्यायालयानेही २०२२ मध्ये, निव्वळ ऑनलाइन चालणारा व्यवसाय या कायद्याखालील 'ठिकाण' ठरत नाही असे म्हटले. पहिल्या आणि सातव्या परिमंडळांतील निकालांचा कल मात्र 'ठिकाण' म्हणजे चार भिंतीच हव्यात असे न मानण्याकडे आहे. आपले दुकान फक्त इंटरनेटवर आहे, म्हणून आपल्याला काही होणार नाही, हे गृहीतक सर्वत्र चालत नाही. धंदा लहान असल्याची सबबही चालत नाही, कारण कायद्याचे हे तिसरे प्रकरण लागू होण्यासाठी कर्मचाऱ्यांची किमान संख्या ठरवलेली नाही.

आता पैशांचा भाग. संघीय कायद्याखाली खासगी वादीला नुकसानभरपाई मिळत नाही. वेबसाइट दुरुस्त करण्याचा आदेश आणि वकिलाची फी, एवढेच मिळू शकते. कॅलिफोर्नियाच्या अनरू नागरी हक्क कायद्यात मात्र प्रत्येक उल्लंघनामागे किमान ४,००० डॉलरची तरतूद आहे, आणि न्यूयॉर्क राज्याच्या व शहराच्या मानवी हक्क कायद्यांतही भरपाई मागता येते. दरवर्षी दाखल होणाऱ्या हजारो दाव्यांपैकी मोठा भाग न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात का असतो, याचे निदान अर्धे उत्तर येथे आहे. सरकारचा न्याय विभागही कारवाई करू शकतो. करविवरणपत्रे भरून देणाऱ्या एच अँड आर ब्लॉक या कंपनीशी २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीत दोन वादींना मिळून ४५,००० डॉलर आणि दंडापोटी ५५,००० डॉलर द्यावे लागले होते.

आणखी एक बाब वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. कायद्याची जबाबदारी व्यवसाय चालवणाऱ्यावर असते, त्यामुळे वादपत्रात साधारणपणे त्याचेच नाव येते. पण तो उलटून करारातील कलमे काढतो. "वेबसाइट लागू कायद्यांनुसार असेल" असे वाक्य करारात सहज लिहून दिलेले असेल, तर ते आज काढून वाचावे.

पायरी ३: वादपत्र ओळीने वाचा

बरीच वादपत्रे एकाच साच्यातून निघालेली असतात. पहिली दहा-पंधरा पाने अंधत्व, स्क्रीन रीडर आणि इंटरनेट यांविषयीच्या सर्वसाधारण विधानांनी भरलेली असतात. तुमच्या प्रकरणाचा गाभा मध्येच कुठेतरी दोन-तीन परिच्छेदांत असतो, आणि तो पेन्सिलीने खुणा करत वाचावा. वादी कोणत्या तारखेला आला, त्याला नेमकी कोणती वस्तू हवी होती, कोणत्या पानावर काय अडले, आणि अडथळा दूर झाल्यास तो परत येणार आहे असे त्याने कशाच्या आधारे म्हटले आहे, या चार गोष्टी शोधाव्यात.

या तपशिलाला कायद्यात वजन आहे. दाद मागण्यासाठी वादीला स्वतःला खरी इजा झालेली असावी लागते, आणि भविष्यासाठी आदेश हवा असेल तर ती पुन्हा होण्याची शक्यताही दाखवावी लागते. ब्रेल गिफ्ट कार्डे विकत नाहीत म्हणून अनेक दुकानांवर झालेल्या दाव्यांत, न्यूयॉर्कचा समावेश असलेल्या दुसऱ्या परिमंडळाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये अशीच साचेबंद वादपत्रे अपुरी ठरवली. त्या मालिकेतील एका प्रकरणात तर बनाना रिपब्लिक या कपड्यांच्या दुकानाला वादीच्या लेखी युक्तिवादात खाद्यपदार्थांचे दुकान म्हटलेले होते, आणि न्यायाधीशांनी ते निकालपत्रात नोंदवले.

हे वाचून हुरळून जाऊ नये. वादपत्र साचेबंद असले तरी त्यातला दोष खरा असू शकतो, आणि माझ्या पाहण्यात तो बहुतेकदा खराच असतो. शिवाय वादपत्र अपुरे ठरल्यास वादीला ते सुधारून देण्याची संधी अनेकदा मिळते. साच्यावर बोट ठेवणे हा वकिलाचा डाव आहे. तो त्याला खेळू द्यावा आणि आपण वेबसाइटकडे वळावे.

पायरी ४: काहीही पुसण्यापूर्वी जतन करा

घाईघाईने रातोरात वेबसाइट बदलणे किंवा जुनी पाने काढून टाकणे धोक्याचे आहे, कारण दाव्याची चाहूल लागल्यानंतर पुरावा नष्ट केला असे म्हणायला जागा मिळते. वेबसाइट त्या दिवशी जशी होती तशी तिची संपूर्ण प्रत, कोडचा इतिहास, सर्व्हरच्या नोंदी आणि सुगम्यतेविषयी आलेले जुने ईमेल बाजूला काढून ठेवावेत. ग्राहकसेवेकडे पूर्वी एखाद्या अंध ग्राहकाची तक्रार आली होती का, हेही पाहावे. आली असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे. ती नंतर बाहेर आली तर जास्त महागात पडते. तपासणीचा अहवालही शक्यतो वकिलामार्फत मागवावा, म्हणजे त्यातील मजकूर गोपनीय राहण्याची शक्यता वाढते.

पायरी ५: तपासणी, आणि तीही हाताने

खासगी वेबसाइटसाठी संघीय नियमांत आजही ठरावीक तांत्रिक निकष नाहीत. न्याय विभागाने मार्च २०२२ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि २०२४ चा नियम राज्य व स्थानिक सरकारांच्या वेबसाइटपुरता आहे. मात्र त्या नियमात जे मानक आहे तेच तडजोडींत आणि तज्ज्ञांच्या अहवालांतही वापरले जाते, ते म्हणजे डब्ल्यूसीएजी, अर्थात वेबवरील मजकूर सुगम्य करण्याची मार्गदर्शक तत्त्वे. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्याची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तीन स्तर आहेत, आणि व्यवहारात डबल ए गाठणे अपेक्षित असते. वादपत्रात १.१.१ किंवा ४.१.२ असे आकडे दिसले तर ते या मानकातील निकषांचे क्रमांक असतात. पहिला निकष चित्रांच्या पर्यायी मजकुराचा आहे, आणि दुसरा प्रत्येक बटणाला व रकान्याला स्क्रीन रीडरला कळेल असे नाव, प्रकार आणि स्थिती असण्याचा.

स्वयंचलित साधनाने सुरुवात करायला हरकत नाही. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे अशाच साधनाने तपासते, आणि २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पृष्ठांवर दोष सापडले. फिकट अक्षरे, पर्यायी मजकूर नसलेली चित्रे, नाव नसलेले रकाने, रिकाम्या लिंक, रिकामी बटणे आणि पानाची भाषा न नोंदवणे, हे सहा प्रकारच त्यांतील बहुतेक दोषांच्या मुळाशी असतात. पण साधनाला मर्यादा आहेत. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे ते सांगते. तो मजकूर "निळा सुती शर्ट, अर्ध्या बाह्या" असा आहे की "फोटो फोटो" असा आहे, हे माणसानेच पाहावे लागते.

म्हणून हाताने तपासताना पानांच्या मागे न लागता कामाच्या मागे जावे. शोध, वस्तूचे पान, पिशवी, खाते उघडणे, पत्ता, पैसे भरणे आणि पावती, हा एक प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावा. फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा वापराव्यात. आपण आत्ता कुठे आहोत हे प्रत्येक टप्प्यावर चौकटीने दिसते का ते पाहावे, कारण अल्पदृष्टी असलेले अनेक जण पडदा मोठा करून कळफलकच वापरतात. वर येणाऱ्या खिडक्यांवर विशेष लक्ष ठेवावे. सवलतीची जाहिरात उघडते, पण कळफलकाचा रोख मागच्याच पानावर राहतो, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला आपल्यासमोर काही उघडले आहे याचा पत्ताच लागत नाही. पैसे भरण्याच्या पानावर मुद्दाम चूक करावी, पिन कोड अपुरा टाकावा, आणि चूक कोणत्या रकान्यात झाली हे ऐकू येते का ते पाहावे. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ ला १ असावा लागतो. मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ पुरतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ही सध्याच्या सजावटीची खोड आहे, आणि ती या मोजमापात सपशेल नापास होते.

यानंतर, रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध तपासनिसाला मोबदला देऊन तोच प्रवास करायला सांगावे. आपण डोळस लोक पडदा बंद केला तरी पानाची रचना आठवून चालत असतो, आणि त्याच्याजवळ ती आठवण नसते.

एका ओळीच्या उपायापासून सावध

दाव्याची बातमी पसरली की "कोडची एक ओळ टाका, वेबसाइट ४८ तासांत नियमानुसार होईल" अशा थाटाच्या जाहिराती समोर येऊ लागतात. या साधनांना ओव्हरले म्हणतात. पानाच्या कोपऱ्यात एक छोटे चिन्ह येते, आणि ते दाबल्यावर अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे असे पर्याय मिळतात. या सोयी संगणकात आणि ब्राउझरमध्ये आधीपासूनच असतात, आणि अंध वापरकर्त्याला त्यांचा उपयोग नसतो. त्याची अडचण निनावी बटणाची असते, आणि त्या बटणाचे काम काय याचा अंदाज बाहेरून लावणे या साधनाला नेहमी जमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने अ‍ॅक्सेसिबी या कंपनीवर, आपले साधन कोणतीही वेबसाइट मानकानुसार करते असा दिशाभूल करणारा दावा केल्याच्या आरोपाखाली कारवाई जाहीर केली आणि १० लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला. तो आदेश त्याच वर्षी अंतिम झाला. ओव्हरले बसवलेल्या वेबसाइटवरही दावे दाखल झालेले आहेत.

पायरी ६: दुरुस्तीचा क्रम

सगळे एकदम दुरुस्त होत नाही, म्हणून व्यवहार अडवणारे दोष आधी घ्यावेत. वर सांगितलेल्या शर्टाच्या पानावर 'डिव्ह'चे चौकोन काढून तिथे खरी रेडिओ बटणे (अनेक पर्यायांतून एक निवडण्याची) ठेवली, चिन्हांच्या बटणांना "आवडीच्या यादीत ठेवा", "शोधा", "पिशवी, एक वस्तू" अशी नावे दिली आणि चुकीची सूचना आपोआप वाचली जाईल अशा भागात हलवली. हे एका माणसाचे दोन दिवसांचे काम होते. छायाचित्रांचा पर्यायी मजकूर लिहायला मात्र तीन आठवडे लागले, कारण वस्तू शेकड्यांनी होत्या आणि शर्टाची वीण कशी आहे हे तंत्रज्ञाला ठाऊक नव्हते. शेवटी ते काम विक्री विभागाकडे सोपवावे लागले.

बाहेरून घेतलेल्या भागांची वेगळी यादी करावी. पैसे भरण्याची सोय, नकाशा, ग्राहकांशी संवादाची खिडकी आणि अभिप्रायांचा विभाग अनेकदा दुसऱ्या कंपनीचा असतो, परंतु वादपत्रात नाव तुमचे येते. त्या कंपन्यांकडे सुगम्यतेचा लेखी अहवाल मागावा, आणि तो आल्यावरही स्वतः ऐकून खात्री करावी. प्रत्येक दुरुस्तीची तारीख नोंदवून ठेवावी. दोष खरोखर दूर झाले आणि ते परत येणार नाहीत हे दाखवता आले, तर दुरुस्तीच्या आदेशाची मागणी निरर्थक ठरली आहे असा बचाव करता येतो. नुसते "करू" म्हटल्याने तो उभा राहत नाही.

छोट्या व्यवसायांसाठी अमेरिकेच्या करकायद्यात एक सवलत आहे, आणि ती अनेकांच्या नजरेतून निसटते. आदल्या वर्षी उत्पन्न १० लाख डॉलरपेक्षा जास्त नसेल किंवा पूर्णवेळ कर्मचारी ३० पेक्षा जास्त नसतील, तर सुगम्यतेसाठी केलेल्या पात्र खर्चापैकी २५० डॉलरवरच्या आणि १०,२५० डॉलरपर्यंतच्या भागाची निम्मी रक्कम, म्हणजे वर्षाला कमाल ५,००० डॉलर, करातून वजा मिळू शकते. आपला खर्च त्यात बसतो का हे करसल्लागाराला विचारावे.

पायरी ७: तडजोड करताना

बहुतेक दावे सुनावणीपर्यंत जातच नाहीत. लढण्याचा खर्च तडजोडीच्या रकमेपेक्षा जास्त होईल असा हिशेब दोन्ही बाजू मांडतात. तडजोड करणे कमीपणाचे नाही, पण तिचा मसुदा रकमेच्या ओळीपलीकडेही वाचावा. मानकाची कोणती आवृत्ती आणि कोणता स्तर गाठायचा आहे, त्यासाठी किती महिने आहेत, अ‍ॅपचाही त्यात समावेश आहे का, नवा दोष सापडल्यास वादीने आधी कळवायचे की थेट न्यायालयात जायचे, आणि बाहेरच्या कंपन्यांच्या भागांना सूट आहे का, हे त्यात स्पष्ट असावे. एक वर्षात जमणार नाही ते सहा महिन्यांत करून देण्याचे वचन देऊ नये, कारण त्यानंतर वाद कराराच्या भंगाचा होतो आणि बचावाला फारशी जागा राहत नाही.

एका वादीशी केलेल्या तडजोडीमुळे दुसऱ्याचा हक्क संपत नाही, हेही लक्षात ठेवावे. हूटर्स या उपाहारगृह साखळीने एका वादीशी तडजोड करून वेबसाइट सुधारण्याचे मान्य केले होते. दुसऱ्या अंध वादीने दावा केल्यावर कंपनीने त्या तडजोडीकडे बोट दाखवले, परंतु २०१८ मध्ये अकराव्या परिमंडळाच्या न्यायालयाने दुसरा दावा निरर्थक ठरवण्यास नकार दिला, कारण वेबसाइट सुधारल्याचे नोंदीवर कुठेच नव्हते, आणि पहिली तडजोड मोडली गेली असती तर या दुसऱ्या वादीला तिची अंमलबजावणी मागता आली नसती.

तडजोडीनंतर वेबसाइटवर सुगम्यतेचे निवेदन टाकावे लागते. त्यात "आमची वेबसाइट पूर्णपणे सुगम्य आहे" असे लिहू नये, कारण पुढच्या आठवड्यात विक्री विभाग नवी जाहिरात चढवतो आणि ते विधान खोटे पडते. कोणते मानक डोळ्यांसमोर आहे, कोणत्या भागांचे काम बाकी आहे आणि अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधावा, एवढे लिहावे. संपर्कासाठी दिलेल्या फोनवर आणि ईमेलवर रोज उत्तर देणारा माणूस नेमावा, आणि महिन्यातून एकदा आपणच ग्राहक म्हणून त्या क्रमांकावर फोन करून पाहावा. डॉमिनोजने बचावात आपल्या फोनसेवेचा दाखला दिला होता. त्या क्रमांकावर रोब्लेसने निदान दोनदा पाऊण तासाहून अधिक वेळ वाट पाहून फोन ठेवला, याची नोंद २०२१ च्या निर्णयात आहे.